पाला उदंड, बटाटे मूठभर: घरच्या सेंद्रिय बटाट्याचे उत्पादन सुधारण्याची क्रमवार पद्धत

घरी बटाटा लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पाला गुडघ्याच्या वर गेला, फुलेही आली, पण उकरल्यावर हाती लागल्या त्या चार गोट्या. मग पुढच्या खेपेला खत वाढवले जाते, पाला आणखी माजतो आणि गोट्या तेवढ्याच राहतात. खताची कमतरता हे यामागचे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा कामे चुकीच्या क्रमाने किंवा चुकीच्या आठवड्यात झालेली असतात.

पुढील सर्व टप्पे समजण्यासाठी एक गोष्ट आधी नीट लक्षात घ्यावी लागते. बटाटा हे मूळ नाही. मातीखाली गाडल्या गेलेल्या खोडाच्या पेरांतून बारीक, पांढऱ्या, आडव्या फांद्या निघतात आणि त्यांचे टोक फुगले की त्याचा बटाटा होतो. त्या फांद्यांना अंधार, ओल आणि थंडावा मिळाला तर टोके फुगतात. उजेड मिळाला तर त्या फांद्या जमिनीबाहेर येऊन पाने काढतात. मातीची भर (म्हणजे खोडाभोवती माती चढवणे), पाणी आणि आच्छादन यांची सगळी धडपड या एवढ्याशा टोकासाठी असते.

टप्पा 1: तारीख उलटी मोजून ठरवणे

बटाटे धरण्यासाठी मातीचे तापमान साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअस असावे लागते. माती 29-30 अंशांपलीकडे तापली की बटाटे धरणे जवळजवळ थांबते, मग वर पाला कितीही हिरवागार दिसो. लावणी ज्या दिवशी केली त्या दिवसाचे हवामान त्यामुळे तुलनेने कमी महत्त्वाचे असते; त्यानंतरच्या पाचव्या ते दहाव्या आठवड्यात काय हवामान असेल हे महत्त्वाचे. कोंब जमिनीवर यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्यानंतर आणखी दोन ते चार आठवड्यांनी टोके फुगू लागतात. आपल्याकडचा थंड, पण दहिवराने पाला न जळणारा काळ कोणता हे आधी ठरवावे आणि तिथून मागे मोजत लावणीचा आठवडा काढावा.

लावणीच्या वेळी दहा सेंटिमीटर खोलीवरची माती किमान 8-10 अंश असावी. त्याहून गार आणि ओल्या मातीत बेणे, म्हणजे लावण्यासाठीचा बटाटा, उगवण्याआधी कुजते.

पडताळणी: साधा तापमापक सकाळी मातीत दहा सेंटिमीटर खोल खुपसून सलग तीन-चार दिवस नोंद घ्यावी. एका उन्हाच्या दुपारी घेतलेला आकडा फसवतो.

टप्पा 2: बेणे निवडणे

स्वयंपाकघरातल्या टोपलीत कोंब आलेला बटाटा उचलून लावणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. खाण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बटाट्यांवर कोंब दाबून ठेवणारी प्रक्रिया झालेली असू शकते. शिवाय त्यात विषाणूरोग असला तरी तो बटाट्यावरून दिसत नाही. तो दिसतो पुढे, आखडलेल्या, सुरकुतलेल्या पानांत आणि निम्म्यावर आलेल्या उत्पादनात. सेंद्रिय पद्धतीत तर रोग झाल्यावर करण्यासारखे फारच थोडे हाती असते, म्हणून प्रमाणित, रोगमुक्त बेण्यावर केलेला खर्च हा या संपूर्ण कामातला सर्वांत योग्य खर्च आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. नुकताच काढलेला बटाटा लगेच लावला जातो. काढणीनंतर बटाटा वाणानुसार दोन-तीन महिने सुप्तावस्थेत असतो. त्या काळात तो मातीत नुसता पडून राहतो आणि बऱ्याचदा कुजून जातो.

बेण्याचा आकार कोंबडीच्या अंड्याएवढा, म्हणजे 40 ते 60 ग्रॅम असावा. मोठे बटाटे कापावे लागत असतील, तर प्रत्येक फोड किमान 35-40 ग्रॅमची आणि दोन-तीन डोळ्यांची ठेवावी. सुरी स्वच्छ असावी आणि एखादा बटाटा आतून तपकिरी किंवा ओला निघाला तर तो फेकून सुरी पुन्हा धुवावी. कापलेल्या फोडी दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर पण फार कोरड्या नसलेल्या जागी एका थरात पसरून ठेवाव्यात. कापलेली बाजू बोटाला कातड्यासारखी कोरडी आणि घट्ट लागली की फोड लावण्यास योग्य झाली.

सावधान: फोडींचा ढीग करू नये. ढिगातल्या फोडी आतून तापतात आणि चिकट होतात.

टप्पा 3: कोंब आणणे, पण उजेडात

बेणे लावणीच्या चार-पाच आठवडे आधी एका उथळ पेटीत, जास्त डोळे असलेला शेंडा वर ठेवून, उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी 10 ते 15 अंश तापमानात मांडावे. उजेडात आलेला कोंब आखूड, जाड आणि हिरवट किंवा जांभळट असतो. तो एक ते दोन सेंटिमीटरचा झाला की पुरे. अंधारात आलेला कोंब पांढरा, लांब आणि ठिसूळ निघतो. तो लावताना मोडतो, आणि मोडला की बेण्याची तेवढी शक्ती वाया जाते.

इथे एक बारकावा आहे, जो उत्पादनावर थेट परिणाम करतो. उबदार जागेत लवकर कोंब आणले तर शेंड्यावरचा एकच कोंब जोर धरतो आणि बाकीचे डोळे दबून राहतात. अशा बेण्यातून एकच खोड येते आणि बटाटे मोजके, पण मोठे मिळतात. तो एकटा कोंब सुरुवातीलाच खुडला तर तीन-चार डोळे जागे होतात, खोडे वाढतात आणि बटाट्यांची संख्याही वाढते, मात्र प्रत्येकाचा आकार काहीसा लहान राहतो. भाजीसाठी मध्यम आकाराचे भरपूर बटाटे हवे असतील तर तीन-चार कोंब ठेवावेत. मोठे हवे असतील तर दोनच.

टप्पा 4: बेणे पेटीत असतानाच माती तयार करणे

बेणे तयार झाल्यावर मातीकडे वळणारे तिथेच दोन आठवडे गमावतात आणि मग घाईने अर्धवट कुजलेले खत टाकून मोकळे होतात.

जागा अशी निवडावी की जिथे गेली तीन-चार वर्षे बटाटा, टोमॅटो, वांगे किंवा मिरची नव्हती. ही सर्व एकाच कुळातली पिके आहेत आणि त्यांचे रोग मातीतून एकमेकांकडे जातात. दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. निचरा पाहण्यासाठी हातभर खोल खड्डा पाण्याने भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी तीन-चार तासांनंतरही साचून असेल तर त्या जागी उंच वाफ्याशिवाय बटाटा लावू नये.

माती 25-30 सेंटिमीटर खोल मोकळी करावी, ढेकळे फोडावीत, दगड वेचावेत. हे काम वाफसा असतानाच, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी असतानाच करावे. ओली चिकण माती खणली तर तिची विटेसारखी ढेकळे होतात आणि पुढे वेडेवाकडे, चेपलेले बटाटे निघतात. दर चौरस मीटरला दहा लिटरची एक बादली पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा जुने शेणखत मिसळावे. एवढे पुरते.

खताबाबत तीन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. ताजे शेण आणि कोंबडीखत यांत नत्र (नायट्रोजन) सहज सुटते, त्याने पाला फोफावतो, बटाटे धरणे लांबते आणि सालीवर बुचासारख्या खरखरीत खपल्या येण्याचा त्रासही वाढतो. चुना बटाट्याच्या वाफ्यात नको. बटाट्याला किंचित आम्ल माती, साधारण 5 ते 6.5 सामूची (पीएचची), मानवते आणि सामू वाढला की त्याच खपल्या वाढतात. तिसरी गोष्ट राखेची. ‘बटाट्याला पालाश (पोटॅश) लागते, राखेत पालाश असते’ हे दोन्ही खरे असल्यामुळे वाफ्यात राखेचे ढीग ओतले जातात. राख मात्र चुन्यासारखीच मातीचा सामू वाढवते. माती आम्ल असल्याची खात्री असेल तर दर चौरस मीटरला ओंजळभर राख चालेल, अन्यथा राख दुसऱ्या पिकाला द्यावी.

पडताळणी: कंपोस्ट मुठीत घेऊन वास घ्यावा. त्याला पावसानंतरच्या मातीचा वास आला तर ते तयार आहे; अमोनियाचा उग्र वास आला किंवा हाताला ऊब लागली तर आणखी एक महिना थांबावे.

टप्पा 5: लावणी

दोन बेण्यांत 30 सेंटिमीटर आणि दोन ओळींत 60 ते 75 सेंटिमीटर अंतर ठेवावे. ओळींतले अंतर अनेकांना उधळपट्टी वाटते, पण भर देण्यासाठी लागणारी माती याच मोकळ्या जागेतून ओढायची असते. दाट लावलेल्या वाफ्यात भर द्यायला माती उरत नाही, बटाटे उघडे पडतात आणि हिरवे होतात.

सरी दहा ते बारा सेंटिमीटर खोल काढावी, बेणे कोंब वर करून हलक्या हाताने ठेवावे आणि मोकळ्या मातीने झाकावे. माती वाफशावर असेल तर लावणीनंतर लगेच भरपूर पाणी देऊ नये. कोंब जमिनीवर येईपर्यंत बेणे स्वतःच्याच ओलाव्यावर जगते आणि या काळात जास्त पाण्याने जितकी बेणी कुजतात तितकी कोरडीने मरत नाहीत.

पिशवीत किंवा कुंडीत लावणी करायची असेल तर दर झाडामागे 15 लिटर माती धरावी. चाळीस लिटरच्या पिशवीत दोन, फार तर तीन बेणी. पाच लावली तर पाचही उगवतात, त्यामुळे सुरुवातीला हुरूप येतो. शेवटी मात्र एकूण वजन तेवढेच भरते आणि आकार सुपारीएवढा राहतो. पिशवीच्या तळाला भोके हवीतच, आणि काळी पिशवी दुपारच्या उन्हात राहणार असेल तर तिला बाहेरून गोणपाट गुंडाळावे, कारण आतली माती जमिनीपेक्षा फार लवकर तापते.

जाता जाता एका लोकप्रिय युक्तीविषयी. एकावर एक थर चढवून उभा मनोरा करायचा आणि त्यात तळापासून वरपर्यंत बटाटे भरतील अशी अपेक्षा ठेवायची, हे बहुतेक वाणांत घडत नाही. बहुसंख्य वाण बेण्याच्या आसपासच्या थरातच बटाटे धरतात. वरचे थर उकरले की माती आणि मुळे एवढेच सापडते.

टप्पा 6: मातीची भर

झाडे 15 ते 20 सेंटिमीटर उंच झाली की पहिली भर द्यावी. ओळींमधली भुसभुशीत माती दोन्ही बाजूंनी खोडाकडे ओढावी आणि वरचा आठ-दहा सेंटिमीटरचा पाला उघडा ठेवावा. दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी भर द्यावी. शेवटी वरंबा 20-25 सेंटिमीटर उंच आणि माथ्याशी रुंद असावा. टोकदार वरंब्यावरून पाणी घसरून जाते आणि माती धुपून बटाटे उघडे पडतात.

भर देण्याआधी तण काढावे. तणावरच माती ओढली तर ते आठवड्यात पुन्हा डोके वर काढते. दुसऱ्या भरेनंतर कुदळ किंवा खुरपे वरंब्यात घालूच नये. त्या सुमारास पांढऱ्या फांद्या एका वितीपर्यंत पसरलेल्या असतात आणि एका घावात चार-पाच बटाटे संपतात. त्यानंतरचे तण हातानेच उपटावे.

दुसरी भर झाल्यावर वाळलेल्या गवताचे किंवा पाल्याचे दहा सेंटिमीटर जाडीचे आच्छादन घालावे. त्याने ओल टिकते आणि माती थंड राहते. उष्ण हवेत या एका कामाने बराच फरक पडतो. मात्र भर न देता केवळ विरळ आच्छादनावर भिस्त ठेवू नये, उजेड त्यातून आत शिरतो. गोगलगायी असतील तर आच्छादन खोडापासून चार बोटे लांब ठेवावे.

सावधान: हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलानीन हे विषारी द्रव्य वाढलेले असते आणि ते शिजवल्याने जात नाही. झाडाला येणारी टोमॅटोसारखी लहान हिरवी फळेही विषारी असतात. घरात मुले असतील तर ती आधीच खुडून टाकावीत.

टप्पा 7: पाणी, विशेषतः टोके फुगू लागतात तेव्हा

संपूर्ण हंगामात एकच टप्पा काटेकोरपणे पाळता येणार असेल तर हा पाळावा. बटाटे धरण्याच्या दोन-तीन आठवड्यांत पाण्याचा ताण पडला तर बटाट्यांची संख्या तिथेच कमी होते, आणि नंतर दिलेले पाणी ती संख्या परत आणू शकत नाही. याच काळात वरंबा कोरडा राहिला तर सालीवरच्या खपल्याही बळावतात. पुढे बटाटे पोसण्याच्या काळात ताण पडला तर आकार कमी होतो.

हा काळ आला हे कळायचे कसे? कळ्या दिसणे ही ढोबळ खूण आहे, पण काही वाण फुलतच नाहीत. त्यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे कोंब वर आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात कडेच्या एका झाडाजवळ वरंब्यात दोन बोटे आडवी सरकवून पाहणे. माती अलगद बाजूला केली की खोडापासून निघालेली, दोरीहून बारीक पांढरी फांदी दिसते. तिचे टोक आकड्यासारखे किंचित वाकलेले असते. ते वाकलेले टोक फुगून काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे, मग वाटाण्याएवढे होते. आकडा फुगलेला दिसला त्या दिवसापासून पाण्यात खंड पडता कामा नये. पाहून झाल्यावर माती पुन्हा झाकावी.

आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला 25 लिटर पाणी लागते. कडक उन्हात आणि पोसण्याच्या काळात ते 35-40 लिटरपर्यंत जाते. रेताड मातीत हे पाणी तीन हप्त्यांत द्यावे, भारी मातीत दोन. रोज वरवर शिंपडलेले पाणी मुळांच्या थरापर्यंत पोहोचत नाही. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. संध्याकाळी भिजलेला पाला रात्रभर ओला राहतो आणि करपा या पाने काळी पाडणाऱ्या रोगाला आमंत्रण देतो.

एका हंगामात मी ऐन पोसण्याच्या काळात नऊ दिवस वाफ्याकडे पाहिले नाही आणि परतल्यावर अपराधी मनाने दुप्पट पाणी दिले. काढणीला निघालेल्या बटाट्यांना आल्याच्या गड्ड्यासारखी बोंडे फुटली होती, काहींना उभ्या भेगा होत्या आणि मोठे बटाटे कापले तर आत पोकळी. वाढ थांबते आणि पाणी मिळाल्यावर एकदम सुरू होते, त्याचा हा परिणाम. ताण पडलाच असेल तर पाणी हळूहळू, दोन-तीन दिवसांत पूर्ववत करावे.

पडताळणी: वरंब्यात दहा सेंटिमीटर खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन बोटाने टोचल्यावर फुटला तर ओल योग्य आहे. गोळाच होत नसेल तर उशीर झाला आहे. हातातून पाणी निथळले तर पाणी थांबवावे.

टप्पा 8: मधल्या काळातली देखरेख

पहिल्या भरेच्या वेळी ओळीत थोडे गांडूळखत किंवा कंपोस्ट घालता येते. फुलोऱ्यानंतर नत्रयुक्त कोणतेही खत देऊ नये. गर्द हिरवा, लोळणारा पाला हे त्या चुकीचे लक्षण.

मावा पानांच्या मागे बसतो आणि रसापेक्षा विषाणू पसरवून जास्त नुकसान करतो. आठवड्यातून दोनदा खालची पाने उलटून पाहावीत, पाण्याच्या झोताने मावा पाडावा आणि गरज पडल्यास निमतेलाची फवारणी संध्याकाळी करावी. आखडलेले, पिवळे ठिपके पडलेले झाड बेण्यासह उपटून वाफ्याबाहेर न्यावे.

खरी धास्ती उशिरा येणाऱ्या करप्याची. थंड, दमट, ढगाळ हवेत पानांवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग पडतात आणि सकाळी पानाच्या मागे डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. सेंद्रिय पद्धतीत परवानगी असलेली ताम्रयुक्त बुरशीनाशके रोग येण्याआधी संरक्षण करतात, आलेला रोग बरा करत नाहीत. डाग खोडांपर्यंत पसरले असतील तर मन घट्ट करून सर्व पाला जमिनीलगत कापावा, वाफ्यातून उचलून न्यावा आणि बटाटे दोन आठवडे मातीतच ठेवावेत. लगेच उकरले तर पाल्यावरची बुरशी बटाट्यांना लागते आणि ते साठवणीत सडतात.

टप्पा 9: काढणी

लवकर येणारे वाण 75 ते 90 दिवसांत, मध्यम वाण 90 ते 110 दिवसांत आणि उशिरा येणारे वाण 110 ते 130 दिवसांत तयार होतात. कोवळे बटाटे खायचे असतील तर फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कडेने हात घालून काढावेत. साठवणीचे पीक मात्र पाला पिवळा पडेपर्यंत ठेवावे. पाला हिरवा असेपर्यंत बटाट्याचे वजन वाढत असते, आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांतली वाढ बरीच मोठी असते. अधीरपणाने उकरलेल्या वाफ्याचे उत्पादन तिथेच कमी होते.

पाला पिवळा पडला की पाणी बंद करावे, पाला जमिनीलगत कापावा आणि दहा ते चौदा दिवस थांबावे. या काळात साल पक्की होते. त्यानंतर कोरड्या दिवशी, खोडापासून हातभर अंतरावर दाताळे खुपसून झाड उचलावे आणि उरलेली माती हाताने चाचपावी.

पडताळणी: एक बटाटा काढून त्यावर अंगठा जोराने घासावा. साल सुटली तर आणखी चार दिवस थांबावे.

टप्पा 10: मुरवणे आणि साठवणे

बटाटे धुऊ नयेत. माती सुकेपर्यंत तासभर सावलीत पसरून ठेवावेत, नंतर 10 ते 15 अंशांच्या अंधाऱ्या, किंचित दमट पण हवा खेळती असलेल्या जागी दोन आठवडे मुरू द्यावेत, म्हणजे बारीक ओरखडे भरून येतात. कापलेले आणि चेपलेले बटाटे वेगळे करून आधी वापरावेत. त्यानंतर अंधारात 4 ते 8 अंशांत साठवण करावी. चार अंशांच्या खाली बटाट्यातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर होऊ लागते, म्हणून घरातल्या फ्रिजमध्ये ठेवलेला बटाटा गोडसर लागतो आणि तळताना काळपट होतो. सफरचंदांजवळ बटाटे ठेवू नयेत.

पुढच्या हंगामासाठी बेणे ठेवायचे असेल तर ते ढिगात उरलेल्या लहान बटाट्यांतून उचलू नये, कारण रोगट झाडांचे बटाटेही लहानच असतात. पाला हिरवा असतानाच निरोगी आणि जोमदार झाडांजवळ काठी रोवून खूण करावी, ती झाडे काढणीत वेगळी उकरावी आणि ज्या झाडाखाली एकसारखे आठ-दहा बटाटे निघतील त्यातलेच अंड्याएवढे बटाटे निवडावेत. तेही दोन हंगामांपलीकडे वापरू नयेत. विषाणू साचत जातात, तेव्हा तिसऱ्या हंगामाला प्रमाणित बेणे नव्याने आणावे.